विंचूरच्या गाडीने येणारा डबा

आमच्या पंगतीत आपला डबा आपण खायचा नाही, असा नियम होता. पंगत म्हणजे लग्नातली नव्हे. पंचवटीत, नदीपासून दोन गल्ल्या आत, एका निवृत्त रेल्वे गार्डांच्या घरामागे दोन खोल्या होत्या आणि त्यांत राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या टोळक्याचं ते नाव होतं. पोरं दर दोन-तीन वर्षांनी बदलायची, नाव तेच राहायचं. खोलीत चूल नव्हती की स्टोव्ह नव्हता. प्रत्येकाचा डबा रोज सकाळी त्याच्या गावाहून एसटीने यायचा, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीपाशी बांधून, आणि रिकामा डबा दुपारच्या गाडीने परत जायचा. बारा वाजता सगळे गोल बसले की अण्णा जाहीर करायचा, "आज दोन घरं." म्हणजे प्रत्येकाने आपला डबा उजव्या हाताच्या दुसऱ्या माणसाकडे सरकवायचा. कधी एक घर, कधी तीन. पाच जणांच्या गोलात पाच घरं सरकवली की डबा आपल्यापाशीच येतो, म्हणून पाच हा आकडा कुणी उच्चारायचाच नाही. आपल्या आईने केलेलं दुसरा कुणी बोटं चाटत खातोय, हे समोर बसून बघायचं आणि आपण भलत्याच कुणाच्या आईचं खायचं, असा तो प्रकार होता. आता माझी सून फोनवर बोट फिरवते आणि जेवण दारात येतं. चांगलं असतं, नाही म्हणत नाही, पण ते कुणी केलं हे विचारायची सोय नसते आणि मला अजून पहिला घास घेताना तेच विचारावंसं वाटतं.

मला तिथं नेलं सुरेशने. पहिल्या वर्षाला आम्ही एका बाकावर बसायचो. सरकारी वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं नव्हतं आणि एका दूरच्या नातलगाच्या ओसरीवर मी महिनाभर दिवस काढत होतो. तिथं अभ्यासाला जागा नव्हती, आणि नातलगाच्या बायकोच्या कपाळावरची आठी काही केल्या जात नव्हती. पेठच्या बाजूच्या डोंगरातला मी, आमच्या पाड्यावरून कॉलेजात आलेला पहिलाच. सुरेश विंचूरचा, घरची द्राक्षबाग, पायात रोज पॉलिश केलेले बूट. पण त्याच्या बोलण्यात बागायतीचा माज नव्हता. एके दिवशी तास संपल्यावर म्हणाला, "आमच्या खोलीवर एक जागा हाय. ये ना. डबा येईल ना तुझा गावाहून?" मी हो म्हणालो. पेठहून नाशिकला सकाळची गाडी यायचीच आणि आमचा पाडा त्या रस्त्यापासून चालत पाऊण तासावर होता. आईला विचारायचीही गरज वाटली नाही, इतका मी तिच्या पायांबद्दल बेफिकीर होतो.

पंगतीचा म्होरक्या अण्णा. नामपूरचा, शेवटच्या वर्षाला, अंगाने आडवा आणि आवाजाने त्याहून आडवा. त्याने मला पहिल्याच दिवशी समोर उभं करून सगळं समजावून सांगितलं. "आठे दोन जातना लोक शेत," तो म्हणाला. इथं दोन जातींचे लोक आहेत, हे ऐकून मी खाली ठेवलेली पिशवी पुन्हा उचलली. मग तो हसला. "एक कच्चा, एक पक्का. तू आते कच्चा शे." कच्च्याने रोज स्टँडवर जाऊन सगळ्यांचे डबे उतरवून घ्यायचे, रिकामे घासून परत चढवायचे. हे काम संक्रांतीपर्यंत. संक्रांतीच्या आत सगळ्या पंगतीने कच्च्याच्या घरी जाऊन त्याच्या जमिनीवर बसून जेवायचं, म्हणजे तो पक्का. आणि तिथं जायचं ते ज्या गाडीने त्याचा डबा येतो त्याच गाडीने, दुसऱ्या नाही. सुरेशच्या घरी पंगत मी येण्याआधीच जेवून आली होती, म्हणून तो पक्का. जेवण झालं नाही तर? "मंग जागा खाली कर," अण्णा म्हणाला आणि या वेळी हसला नाही. आदल्या वर्षी एकाने घरचे लोक नको म्हणतात म्हणून टाळाटाळ केली, तर त्याला खरंच जावं लागलं होतं.

ते पहिले अडीच महिने मी आयुष्यात कधी नव्हतो इतका सुखात होतो. सकाळी शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटायला लागला की जाग यायची. गार्डसाहेबांना निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण मी डबे घेऊन फाटकात शिरलो की ते आरामखुर्चीतून विचारायचे, "गाडी वेळेवर का?" आणि मी मिनिटं सांगितली की ती पाटीवर खडूने लिहून ठेवायचे. डब्यांची झाकणं उघडायचा आवाज तर मी आजही ओळखीन. अण्णाच्या पितळी डब्याची कडी अडकायची आणि तो तिला अहिराणीत शिव्या द्यायचा. सिन्नरचे दोघं होते, दोघांचंही नाव मधू, म्हणून एक थोरला आणि एक धाकटा. त्यांच्या डब्यांत हटकून एकच भाजी निघायची, कारण त्यांची घरं समोरासमोर होती आणि आया एकाच भाजीवालीकडून घ्यायच्या. सुरेशचा डबा चार पुडाचा. त्यात तुपाची वाटीसुद्धा वेगळी. आणि माझा ॲल्युमिनियमचा, एका बाजूला चेपलेला. त्यात नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, पळसाच्या पानात गुंडाळलेली, उडदाचं घट्ट वरण आणि खुरसणीची, म्हणजे कारळ्याची, काळी चटणी. पहिल्या दिवशी ती चटणी थोरल्या मधूकडे गेली. त्याने बोटाने जरा चाखली, डोळे मिटले, आणि मला वाटलं संपलं सगळं. तर तो म्हणाला, "काशा, ही कशाची रे? लय भारी हाय." तेव्हापासून माझा डबा आपल्याकडे यावा म्हणून घरांच्या आकड्यावरून भांडणं व्हायला लागली. अण्णा तर उघड लबाडी करायचा. माझ्या आईने कुणाची स्तुती कधी ऐकली असेल असं मला वाटत नाही, आणि मी मूर्ख, घरी गेल्यावर तिला ते सांगितलंही नाही.

दिवाळीनंतर आमच्या पाड्यातली निम्मी घरं बंद व्हायची, दाराला काठी लावून. भात कापून झाला की माणसं मुकादमाबरोबर बागायतीच्या कामाला जायची ती होळीला परतायची. माझे आईवडीलही जायचे, दर वर्षी, त्यात नवल नव्हतं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असतानाच मुकादम आला. वडिलांनी विचारलं, कुठली बाग? त्याने विंचूरजवळच्या एका मळ्याचं नाव सांगितलं आणि मालकाचं आडनाव सांगितलं. मी भाताच्या पेंढ्यावर बसलो होतो, तिथंच थिजलो. सुरेशचा मळा. अख्ख्या निफाड तालुक्यात द्राक्षं पिकत होती, पण माझ्या नशिबाला दुसरी बाग सापडली नाही. आई मात्र खूश झाली. म्हणाली, "बरा झाला. तठून नाशिकला गाडी आहा. तुना डबा चुकायचा नाय." तिच्या हिशेबाने प्रश्न सुटला होता.

मी खोलीवर परतलो आणि कुणाला काही बोललो नाही. आता लिहिताना वाटतं, सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सतरा-अठरा वर्षांच्या पोराची लाज मोजायचं माप मोठ्या माणसापाशी नसतं. मला रोज रात्री झोपताना एकच चित्र दिसायचं. सुरेश आपल्या मळ्याच्या बांधावर उभा आहे, पायात ते बूट, आणि समोर प्लास्टिकच्या कागदाची झोपडी, तिच्यात माझी आई. तो काही वाईट बोलेल अशी भीती नव्हती. तो चांगलं बोलेल, दया करेल आणि मग दुपारी गोलात बसल्यावर माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल, त्याची भीती होती. म्हणून मी एक युक्ती केली. डबे आणायचं काम माझंच असल्यामुळे ती सहज पचली. विंचूरची गाडी साडेदहाला लागायची. तिच्यातून सुरेशचा चार पुडाचा डबा आणि माझा चेपलेला डबा, दोन्ही उतरवून घ्यायचे. मग माझा डबा पिशवीत खाली घालून मी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला जिथं पेठची गाडी लागते तिथं जाऊन उभा राहायचो. ती अकराच्या सुमाराला यायची. ती आली, माणसं उतरली, की त्या माणसांच्या मागोमाग मी बाहेर पडायचो, म्हणजे कुणी ओळखीचं भेटलंच तर मी पेठच्या गाडीवरूनच येतोय असं दिसावं. हे रोज, सव्वा महिना. गार्डसाहेबांनी विचारलं की पेठच्या गाडीची वेळ सांगायची. त्यांच्या पाटीवर ती खोटी वेळ उमटायची तेव्हा मी तिकडे न बघता डबे घेऊन आत जायचो.

आणि त्याच दिवसांत सुरेश माझ्या आईची भाकरी खात होता. दर चार-पाच दिवसांनी ती त्याच्याकडे जायची. त्याच्या घरचं तूप माझ्या पानात आणि त्याच्या बागेत वेलीखाली उभी राहून विरळणी करणाऱ्या बाईच्या हातची भाकरी त्याच्या पानात. विरळणी म्हणजे द्राक्षाच्या घडातले दाटीचे मणी लहान कात्रीने एकेक काढायचे. ते काम बायकांचं, हात दिवसभर डोक्याच्या वर. एकदा तो मला म्हणाला, "तुझी आई भाकरी जरा जाड करायला लागली का रे?" मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. तीन दगडांच्या चुलीवर, वाऱ्यात, पहाटे भाकरी जाडच होते.

डिसेंबर संपत आला तसा अण्णाने दिवस ठरवला. रविवार, सकाळची पेठची गाडी. मला वाटलं होतं आईला दोन दिवस आधी गावी आणता येईल. एका शनिवारी कॉलेज चुकवून मी मळ्यावर जाऊन आलो, लपतछपत, आणि तिला विचारलं. तिने मान हलवली. विरळणी अंगावर आलेली, मुकादम एक दिवसही सोडणार नाही. "आठंच आण त्यांना," ती म्हणाली. मी म्हणालो, "इथं कुठं बसवशील?" ती झोपडीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मी सारवीन." सुरेश त्या चौघांत आहे हे मी तिला सांगितलं नाही. काहीच न ठरवता परत आलो. मनाशी धरलं की पेठला जाऊन बंद घर उघडायचं, चुलतीला भात टाकायला सांगायचं, आई देवाला गेली म्हणायचं. खोटं एकदा चालू झालं की पुढचं सुचायला फार डोकं लागत नाही.

रविवारी आम्ही पाचही जण पेठच्या गाडीत चढलो. अण्णाने धुतलेला सदरा घातला होता. दोन्ही मधूंनी मिळून माझ्या आईला द्यायला एक पितळी तांब्या आणला होता, नवा कोरा, कागदात गुंडाळलेला. आणि सुरेशने बूट काढून चपला घातल्या होत्या. मी विचारलं, "बूट का नाही घातले?" तर म्हणाला, "तुझ्या आईने सारवलेलं असंल ना. बूट काढण्यात येळ जातो." हे ऐकलं आणि माझ्याने पुढं बसवेना. कंडक्टरने घंटी मारली होती, गाडी हलली होती. मी उठून दोरी ओढली. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. "अण्णा, उतर," मी म्हणालो. "माझा डबा या गाडीने येत नाही."

खाली उतरल्यावर फलाटावर उभ्या उभ्या मी सगळं सांगितलं. कुठली गाडी, कुठला मळा, कुणाचा मळा. बोलताना मी सुरेशकडे बघितलं नाही.  धाकटा मधू तांब्याचा कागद नीट करत राहिला. अण्णाचा चेहरा लाल झाला होता आणि मला वाटलं तो आता जागा खाली करायला सांगणार. तो म्हणाला, "इतला दिन तू मायना डबा लपाडी ठेवना?" मग एकदम स्टँडच्या दुसऱ्या टोकाकडे चालायला लागला. "चला. विंचूरनी गाडी कव्हय शे ते बघा." सुरेश सगळ्यांच्या मागून चालत होता. गाडीत तो माझ्या शेजारी बसला आणि विंचूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. त्या दीड तासाइतका लांबचा प्रवास मी पुन्हा कधी केला नाही, आणि पुढं नोकरीच्या निमित्ताने मी बराच हिंडलो.

आता त्या बाजूला वाईनचे कारखाने झालेत, पाट्या झाल्यात, आठवड्याच्या शेवटी मुंबईच्या गाड्या उभ्या असतात. तेव्हा फाट्यावर फक्त एक चहाची टपरी होती आणि तिथून बागेतली पायवाट. आई वेलीखाली काम करत होती. आम्हाला बघून ती कात्री हातात घेऊनच बाहेर आली. हातांना द्राक्षाच्या पानांचा हिरवट चीक. तिने आधी मला बघितलं, मग अण्णाला, मग सुरेशला, आणि पदर सावरत मागं सरकली. "हा तं मालकाचा पोऱ्या," ती हळूच मला म्हणाली. "ह्याला कठं बसवू रे?"

तेवढ्यात सुरेशचे वडील आलेच. नाना म्हणायचे त्यांना सगळे. मोटरसायकल बांधावर लावून ते हसत पुढे आले. माणूस वाईट नव्हता. पोराचे मित्र आलेले बघून त्यांना बरंच वाटलं. "अरे, मळ्यात येऊन हितंच उभे? घरी चला, जेवायचं घरीच करू," ते म्हणाले. अण्णाने अदबीने सांगितलं की जेवण काशिनाथच्या आईकडे आहे. नानांना क्षणभर उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्यांनी झोपडीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि समजूत घालावी तसं म्हणाले, "त्यांच्याकडं काय जागा हाय का? उगाच त्या माउलीला तरास. तिलाबी जेवायला घरी बोलावू. सुरेश, चल." आई लगेच मान हलवायला लागली, हो हो, बरोबर आहे म्हणून. ती कमरेत वाकली होती. ते बघून मला तिचा राग आला, नानांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. 

सुरेश म्हणाला, "नाना, मी दिवाळीपासून ह्यांच्याच हातचं खातोय." नाना म्हणाले, "म्हणजे?" तर तो म्हणाला, "डब्यात. आता ताटात खातो." एवढं बोलून त्याने चपला काढल्या, वाकून त्या कागदाच्या झोपडीत शिरला आणि सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला. आईने पोतं अंथरायला घेतलं तर ते त्याने घडी करून बाजूला ठेवलं. मग अण्णा शिरला, मग दोघं मधू. पाचवा मी. जागा इतकी कमी की गुडघ्याला गुडघा लागत होता. नाना थोडा वेळ बाहेर उभे राहिले. मग मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला. बापलेकांचं पुढं पंधरा दिवस बोलणं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मी काही ठरवलं नव्हतं, तरी आईने रविवार धरून पहाटेच भात करून ठेवला होता, उडदाचं वरण, नागलीची भाकरी आणि खास आमच्यासाठी अंड्यांचा रस्सा. थाळ्या तीनच होत्या, म्हणून दोघांना पळसाच्या पानावर वाढलं. वडील पाण्याची घागर घेऊन आले आणि दारातच उकिडवे बसले, ते काही केल्या आत येईनात, तेव्हा अण्णाने त्यांच्या हाताला धरून आत ओढलं आणि आमचा गोल सहा जणांचा झाला. "आज कितला घर?" थोरल्या मधूने अण्णाच्या बोलीची नक्कल करत विचारलं. अण्णाने त्याच्या डोक्यात टपली मारली. मधेच मळ्यावरचा गडी ताकाची चरवी देऊन गेला. ती नानांनी पाठवली की सुरेशच्या आईने, हे मला अजून कळलेलं नाही. सुरेशला विचारलं तर तो म्हणतो, त्यालाही ठाऊक नाही.

निघताना मुलं पुढे गेली आणि मी आईपाशी मागं राहिलो. मला तिची माफी मागायची होती, पण आमच्या घरात माफी मागायची रीतच नव्हती, शब्द कुठून आणायचे कळेना. मी एवढंच म्हणालो, "आय, आता डबा मी विंचूरच्या गाडीवरून सगळ्यांदेखत नेईन." ती कात्री पुसत होती. म्हणाली, "माला ठाव आहा. कंडक्टरनी सांगला व्हता. म्हणं, तुमचा पोऱ्या डबा घेतो नं पेठच्या गाडीपाशी जाऊन उभा राहतो."  सव्वा महिना तिला माहीत होतं आणि सव्वा महिना ती पहाटे उठून भाकरी थापत होती, फाट्यापर्यंत चालत येत होती. "मग मला काही बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू?" ती म्हणाली. "तुला काय अडचण आसंल, म्हणून उभा राहत आसशील. माला एवढाच वाटं, मी पानात गुंडाळून ऊन ऊन भाकर पाठवू, नं तू तठं अर्धा तास उभा. तवर ती पार गार व्हत आसंल."

ती पुन्हा वेलीखाली गेली. फाट्यावर पोरं माझी वाट बघत होती, गाडीची वेळ झाली होती, आणि मी त्या पायवाटेवर उभा राहून लहान मुलासारखा रडत होतो.